रविवारी पहाटे सायकलवर मुंबई: बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी

मुंबईत सायकल चालवायची म्हटलं की घरचे लोक घाबरतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, त्यांची भीती शंभर टक्के बरोबर असते. पण हेच शहर रविवारी पहाटे साडेपाचपासून साधारण नऊपर्यंत वेगळं असतं. फोर्टातली ऑफिसं बंद, बसगाड्या तुरळक, टॅक्सीवाले गाडीत पाय पसरून झोपलेले. एरवी जिथे रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागतात, तिथे भर चौकात उभं राहून इमारतीचा कळस बघता येतो. म्हणून या लेखातला सगळा बेत घड्याळाभोवती बांधला आहे. अंतराची चिंता करू नका. कुलाब्यापासून माहीमपर्यंतचं जुनं मुंबई बेट लांबीला जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर आहे आणि मलबार हिलसारख्या एकदोन टेकड्या सोडल्या तर सपाट आहे. कधीतरी सायकल चालवणारा माणूसही ते सहज पार करेल. खरा प्रश्न वेळेचा, आणि तो बहुतेक पाहुणे चुकवतात, कारण ते हॉटेलात नाश्ता करून निघतात.

महिना आणि दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. त्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघालात तर पहिला दीड तास अंधारात जातो; पुढे-मागे दोन्हीकडे दिवा लागतोच, म्हणजे समोर पांढरा आणि मागे लाल. मार्चपासून दमटपणा वाढतो. मे महिन्यात सहालाच उजाडतं, पण आठनंतर अंगातून पाण्याच्या धारा लागतात. त्या दिवसांत निम्माच मार्ग करा.

पावसाळ्यात हौस असेल तर एकच गोष्ट बघा: भरतीची वेळ. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की सखल भागांत पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. खड्डा असेल, उघडं मॅनहोलही असेल. गुडघाभर पाण्यात सायकल घालू नका, मग स्थानिक माणूस कितीही बिनधास्त जाताना दिसो.

काही रविवार टाळायचे. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते वाहनांना बंद असतात. गणेशविसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे फिरकू नका. ६ डिसेंबरच्या आसपास दादर आणि शिवाजी पार्क परिसर चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांचा असतो; त्या दिवसांत तिकडे सायकलसहल काढणं शोभतही नाही.

सायकल कुठून आणायची

तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत काही ना काही कटकट आहे.

पहिला, मुंबईत भाड्याने घेणं. दक्षिण मुंबईत आणि वांद्र्यात भाड्याने सायकल देणारी दुकानं आहेत. ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम मागतात. शनिवारी संध्याकाळीच जाऊन सायकल ताब्यात घ्या, कारण पहाटे पाचला तुमच्यासाठी शटर कुणी उघडणार नाही. घेताना चार गोष्टी तिथल्या तिथे तपासा: दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा, सीटची उंची आणि घंटी. घंटी क्षुल्लक वाटते, पण मुंबईत तिच्याशिवाय चालत नाही. सीट इतकी वर हवी की पॅडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. भाड्याच्या सायकलींची सीट बहुधा खाली ठेवलेली असते आणि दहा किलोमीटरनंतर गुडघे बोलू लागतात. ॲपवर मिळणाऱ्या युलूसारख्या विजेच्या छोट्या गाड्या स्टेशन ते ऑफिस अशा प्रवासासाठी ठीक आहेत. ठरलेल्या हद्दीबाहेर त्या सोडता येत नाहीत, त्यामुळे दिवसभराच्या भटकंतीला त्यांचा उपयोग नाही.

दुसरा, कुलाब्यातून पहाटे निघणारी मार्गदर्शकासह सायकलसहल. सायकल, हेल्मेट, माहितगार सगळं मिळतं. शहरात पहिल्यांदाच येत असाल आणि रहदारीची धास्ती असेल, तर पहिल्या दिवशी हे करा आणि दुसऱ्या दिवशी एकटे निघा.

तिसरा, स्वतःची सायकल आणणं. पुण्याहून, नाशिकहून येणाऱ्यांना हे जमतं. खासगी बसच्या डिकीत पुढचं चाक काढून सायकल बसते. क्लीनरला आधीच विचारून ठेवा आणि गिअरची बाजू वर राहील अशी ठेवा. लांब पल्ल्याच्या रेल्वेत पार्सल ऑफिसात नोंद करून ती ब्रेकव्हॅनमधून नेता येते. कागदपत्रं, टॅग, वाट बघणं, सगळं आलं, त्यामुळे एका दिवसासाठी हा खटाटोप मला तरी जड वाटतो. घडीची सायकल कव्हरमध्ये घालून आणणारे सर्वांत सुखी.

लोकलमधून सायकल

उपनगरात उतरला असाल तर पहाटेची लोकल पकडून चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) यायचं. सायकल नेहमीच्या डब्यात नेऊ नका. लगेजच्या डब्यात न्यायची आणि तिचं वेगळं लगेज तिकीट तिकीटखिडकीवर काढायचं. या डब्यात मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी, भाजीवाले, दुधाचे कॅन आणि कामाच्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास डबेवाले असतात. त्यांचा तो रोजगाराचा डबा आहे. तुम्ही पाहुणे आहात हे लक्षात ठेवून सायकल दाराशी आडवी न लावता भिंतीला टेकवून धरा, आणि "मावशी, जरा सायकल ठेवू का इथे?" असं आधी विचारा. जागा मिळते. विचारलं नाहीत तर जे ऐकायला मिळेल तेही अस्सल मुंबईच असेल.

कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर सायकल नेण्याची मुभा २०२२ पासून दिली आहे, टोकाच्या डब्यांमधून. उत्तर उपनगरांत फिरताना ती कामाला येते.

परतीचंही आधीच ठरवा. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी बऱ्याच गाड्या बंद; पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. साधारण अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी तीन-चारपर्यंत चालतो आणि त्या काळात ज्या गाड्या धावतात त्या तुडुंब भरतात. शनिवारी त्याचं वेळापत्रक जाहीर होतं, ते बघा आणि साडेदहाच्या आत स्टेशनात पोहोचा.

रस्त्यावर वागायचं कसं

डावीकडून चाला, पण अगदी कडेने नको. कडेला पावसाळी गटाराच्या जाळ्या असतात आणि काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच असतात. बारीक टायर त्यात अडकला की माणूस हँडलवरून पुढे. उभ्या असलेल्या टॅक्सीपासून दाराच्या रुंदीएवढं अंतर ठेवा, दार कधीही उघडतं. काँक्रीटच्या रस्त्यांवर दोन पट्ट्यांच्या सांध्यात उंचीचा फरक असतो. तो समांतर न जाता तिरपा ओलांडा. गोदीजवळच्या रस्त्यांवर जुने रूळ आहेत, तेही शक्य तितके काटकोनात.

हॉर्न ऐकून दचकू नका. इथे हॉर्न म्हणजे "मी मागून येतोय" एवढंच. बेस्टची बस थांब्यापाशी डावीकडे येतेच, त्यामुळे थांबा दिसला की तिला पुढे जाऊ द्या. बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत शिरणं हा सर्वांत मोठा धोका. पहाटे चौकात लाल सिग्नलला कुणी थांबत नाही, तुम्ही थांबा, आणि हिरवा झाल्यावरही दोन्हीकडे बघून निघा. त्या वेळी मोकळा रस्ता बघून भरधाव सुटलेल्या गाड्या असतात, विशेषतः मरीन ड्राइव्हवर. फोर्टात एकदिशा रस्ते बरेच आहेत. उलट दिशेला जायचं असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून फुटपाथने चाला.

काही ठिकाणी जायचंच नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्त्याचा वाहनमार्ग आणि बोगदे, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे या सगळ्यांवर दुचाकींना बंदी आहे, सायकलींनाही. जेजे उड्डाणपुलावरही नाही. फोनवरचा नकाशा मोटारीचा मार्ग दाखवत असेल तर तो नेमका तिकडेच नेतो. नियम सोपा आहे: उड्डाणपूल दिसला की त्याच्या खालून जा. जुनी मुंबई तशीही पुलाखालीच आहे.

मुख्य मार्ग: ससून डॉक ते गिरगाव

थांबे धरून चार तास लागतात, अंतर अठरा-वीस किलोमीटर. सायकल चालवण्याचा वेळ यात दीड तासाच्या वर जात नाही, बाकी सगळं उतरून बघण्यात. ज्यांना वेग हवा आहे त्यांनी हा मार्ग घेऊ नये.

सुरुवात कुलाब्याच्या ससून डॉकपासून करा, सहाच्या आत. अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी आज मासळीच्या लिलावासाठी ओळखली जाते. पहाटे बोटी लागतात, टोपल्या वर येतात, बर्फ फोडला जातो आणि मिनिटामिनिटाला सौदे होतात. आत सायकल चालवू नका. बर्फाचं आणि मासळीचं पाणी पडून फरशी निसरडी झालेली असते आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबूही नये. सायकल बाहेर लावा, जुने बूट घाला. फोटोवर इथे बंधनं आली-गेली आहेत. आधी फाटकावर विचारा आणि माणसाचा फोटो काढायचा असेल तर त्या माणसाला विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा गोदी शांत असते आणि हा थांबा वगळला तरी चालेल. मासळीचा वास सहन होत नसेल तर थेट पुढच्या थांब्यावरून सुरू करा, पण मग मुंबईचा एक मोठा तुकडा तुम्ही पाहिला नाही असं मी म्हणेन.

तिथून कुलाबा कॉजवेने गेटवे ऑफ इंडिया. दुपारी इथे पाय ठेवायला जागा नसते, पहाटे कबुतरं आणि चहावाला. १९११ मध्ये पाचवे जॉर्ज मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली आणि ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं. समोरचं ताज त्याहून जुनं, १९०३ चं, म्हणजे गेटवे नसतानाही ते समुद्राकडे बघत उभं होतं. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ चा. गेटवेच्या आवारात तपासणी असते आणि सायकल आत नेऊ देत नाहीत. दोघं असाल तर आळीपाळीने आत जा.

आता रीगल सिनेमाच्या चौकातून महात्मा गांधी मार्गाने काळा घोडा. ज्या घोड्यावरून नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला. सध्याचा घोडा २०१७ चा, आणि त्यावर स्वार नाही. जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि गल्लीत शिरलं की निळं ज्यू प्रार्थनास्थळ, १८८४ चं. हे सगळं एवढं जवळजवळ आहे की सायकल एकदा लावून चालतच फिरा.

फ्लोरा फाउंटनपाशी जरा जास्त थांबा. कारंजं १८६४ चं, दगडी आणि देखणं. पण मराठी माणसाने आधी शेजारी बघावं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार यांचं हुतात्मा स्मारक त्या लढ्याचं आहे. एरवी टॅक्सीतून जाताना ते खिडकीबाहेरून सटकन मागे जातं. रविवारी सकाळी नावं सावकाश वाचता येतात.

चौकातून पूर्वेकडे वळलात की सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ पासूनचं. सायकलवाल्याने इथे थांबायलाच हवं, कारण इंग्रजांच्या काळात मुंबईतल्या मैलांची मोजणी या चर्चपासून व्हायची. त्या वेळचे मैलाचे दगड शहरात अजून काही ठिकाणी सापडतात, रस्ता वर येत गेल्यामुळे अर्धे गाडले गेलेले. चर्चगेट हे नावही इथलंच: किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे यायचा तो चर्चगेट. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, आज 'फोर्ट' नाव तेवढं उरलं आहे. पुढे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या, तिथे बसून पाणी प्या. टाउन हॉलची ही इमारत १८३३ मध्ये पुरी झाली. याच भागातल्या वडाच्या झाडाखाली शेअरदलाल जमायचे, त्यातून पुढे शेअरबाजार उभा राहिला.

मग उत्तरेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेलं हे स्टेशन बांधायला १८७८ पासून दहा वर्षं लागली. समोरची महापालिकेची इमारत १८९३ ची, तीही त्याचीच. दोन्ही एकत्र बघायच्या तर मधल्या चौकाच्या कडेला उभं राहायला हवं आणि ते फक्त या वेळेला शक्य आहे. स्टेशनच्या फाटकावर एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. एक ब्रिटनचा, एक भारताचा. घाईत असलेल्या माणसाला ते कधी दिसत नाहीत.

इथून महापालिका मार्गाने मेट्रो सिनेमा, तिथून डावीकडे महर्षी कर्वे मार्गाने चर्चगेटवरून ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या निवासी इमारती. एकोणिसावं आणि विसावं शतक समोरासमोर, मध्ये क्रिकेट. या सगळ्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. टॉवरचा खर्च प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि आईचं नाव त्याला दिलं. मैदानाला एक पूर्ण फेरी मारा. रविवारी सातलाच पांढऱ्या कपड्यांतली पोरं स्टंप ठोकायला लागलेली असतात.

मरीन ड्राइव्ह कोणत्या बाजूने

हा मुद्दा छोटा आहे, पण त्यावर अर्धी मजा अवलंबून आहे. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो आणि मुंबईचा हा समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे उत्तरेकडे जाताना समुद्र तुमच्या लगत येतो, दक्षिणेकडे जाताना मध्ये सहा पदरी रस्ता पडतो. म्हणून ओव्हलवरून आधी नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जा, तिथे वळा आणि मग उत्तरेकडे गिरगाव चौपाटीपर्यंत सलग या. साडेतीन किलोमीटरचा हा अर्धवर्तुळाकार रस्ता. हेच तत्त्व वरळी सीफेस, वांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोडलाही लागू: पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे.

समुद्रालगतच्या रुंद फुटपाथवर सायकल चढवू नका. तिथे चालणारे आणि धावणारे असतात, आणि पोलीस उतरवतात. रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, सायकलस्वारांचे घोळके याच कडेने जात असतात. त्यांच्यातले कुणी ना कुणी बोलतात, पंक्चर झालं तर थांबतात. रंगीत जर्सीवाल्यांशी शर्यत लावण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १९२० मध्ये टिळकांवर अंत्यसंस्कार याच वाळूत झाले.

चढ आणि बाणगंगा

चौपाटीवरून विल्सन कॉलेजच्या पुढे वाळकेश्वरचा रस्ता तीनबत्तीकडे चढतो. या मार्गावरचा हा एकमेव खरा चढ, तोही थोडका. गिअर असतील तर सर्वांत हलका टाका, नसतील तर उतरून ढकला. तीनबत्तीपासून बाणगंगेची वाट विचारा. तलावाशी पायऱ्या आहेत, त्यामुळे सायकल वरच एखाद्या दुकानापाशी लावा. शिलाहारांच्या काळातला, ११२७ मध्ये बांधल्याचं सांगितलं जाणारा हा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तरीही त्यात गोडं पाणी आहे. भोवती देवळं, धर्मशाळा, जुनी घरं, पाण्यात बदकं. मुंबईत हे आहे यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा विश्वास बसत नाही. इथे अर्धा तास द्या. लोक पूजा करत असतात, हे पर्यटनस्थळ असण्याआधी तीर्थ आहे.

ताकद उरली असेल तर आणखी वर कमला नेहरू पार्कपर्यंत. 'म्हातारीचा बूट' मुलांसाठी. मोठ्यांसाठी तिथून खाली दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान. उतरताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि हलके दाबत या, नुसता पुढचा जोरात दाबू नका.

खाणं

निघण्याआधी केळं आणि चहा, बस. ससून डॉकजवळ पहाटे कटिंग, म्हणजे अर्धा ग्लास चहा, मिळतो. खरा नाश्ता गिरगावात, साडेआठ-नऊला. चौपाटीवरून आत शिरलात की ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट हा सगळा मराठी गिरगाव. इथे मिसळ, थालीपीठ, पियूष देणारी जुनी उपाहारगृहं आहेत आणि रविवारी सकाळी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं जमतात. टेबल वाटून घ्यावं लागलं तर घ्या, शेजारचे आजोबा तुम्हाला चाळीचा इतिहास मोफत सांगतील. केशवजी नाईकांची चाळ याच गिरगावात, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताची वाडीही इथेच: लाकडी जिने, रंगीत व्हरांडे, अरुंद बोळ. वाडीत सायकल हातात धरून चाला, आवाज कमी ठेवा, लोकांच्या खिडक्यांचे फोटो काढू नका. तिथे माणसं राहतात.

इराणी हॉटेलात जायचं असेल तर धोबीतलावला १९०४ पासून चालू असलेलं कयानी आहे. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवून खायचा. सायकलवाल्यांना तो विशेष मानवतो. एवढं लोणी एरवी कोण निर्धास्तपणे खातं?

पाणी सोबत ठेवा, निदान एक लिटर. घाम फार येतो, त्यामुळे नुसतं पाणी न पिता मधे शहाळं किंवा मीठ घातलेलं लिंबूसरबत घ्या. स्वच्छतागृहांसाठी चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन स्टेशनं मार्गावर येतात. बाणगंगेकडे जाण्याआधी सोय बघून घ्या.

कुलूप, पंक्चर आणि एकट्याने फिरणं

साखळीचं कुलूप मुंबईत टिकत नाही असं म्हणतात. मी जाड यू-आकाराचं कुलूप वापरतो, पुढचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकत्र, दिव्याच्या खांबाला. त्याहून चांगला उपाय माणसाचा. चहावाल्याकडे चहा घ्या आणि म्हणा, "दादा, जरा सायकलकडे लक्ष ठेवाल का? पंधरा मिनिटांत येतो." हो म्हटलं की तो खरंच लक्ष ठेवतो. परत आल्यावर दुसरा चहा घ्यायचा, हे न सांगता समजायचं.

रविवारी सकाळी सायकलची दुकानं बंद. रस्त्याकडेचे पंक्चरवाले मोटारसायकलींचे असतात. ते ट्यूबचं ठिगळ लावून देतील, पण परदेशी बनावटीच्या बारीक नळीच्या वॉल्वला त्यांचा पंप बसत नाही. तो जोडायचा छोटासा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. नाहीतर आपली एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप एवढं सीटखालच्या पिशवीत असलं की कुणाचं तोंड बघावं लागत नाही. अगदीच अडलं तर काळी-पिवळी टॅक्सी थांबवा. पुढचं चाक काढलं तर बहुतेक टॅक्सीवाले मागच्या सीटवर किंवा टपावर सायकल घेतात, भाडं आधी ठरवून.

एकट्या फिरणाऱ्या मुलींनी क्रम थोडा बदलावा असं मी सुचवेन. मरीन ड्राइव्ह साडेपाचपासून माणसांनी भरलेला असतो. फोर्टाच्या आतल्या गल्ल्या मात्र उजाडेपर्यंत सामसूम. म्हणून आधी मरीन ड्राइव्ह, उजाडल्यावर फोर्ट. भटकी कुत्री मागे लागली तर जोरात पॅडल मारू नका; वेग कमी करा, उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. ते कंटाळून जातात.

दुसरा दिवस मिळाला तर

वांद्रे सोपं आहे. स्टेशनवरून बँडस्टँडच्या टोकाला पोर्तुगिजांचा १६४० चा किल्ला, वर माउंट मेरी, मग रनवार आणि चॅपल रोडच्या गल्ल्या, चिंबईचा कोळीवाडा आणि शेवटी कार्टर रोड. दहा-बारा किलोमीटर, अडीच तास. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेचा आठवडा टाळा.

दादर-माटुंग्याचा मार्ग खाणाऱ्यांसाठी. पहाटे दादरचा फुलबाजार, तिथून पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सचे झाडांखालचे शांत रस्ते, शेवट माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहात. आठनंतर तिथे रांग लागते.

आणि खरी दमणूक हवी असेल त्यांच्यासाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आत सायकली भाड्याने मिळतात. फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो, शेवटी चढ आहे. शंभराहून जास्त लेणी खडकात कोरलेली आहेत, त्यामुळे वर पोहोचल्यावर पायही शिल्लक हवेत. सोमवारी उद्यान बंद असतं. माकडांसमोर पिशवी उघडू नका.

घरी गेल्यावर

खारी हवा सायकलला एका सकाळीत खाते. ससून डॉकपासून चौपाटीपर्यंत सगळीकडे मीठ असतं, ते नटबोल्टच्या फटीत आणि चेनवर बसतं. त्याच दिवशी ओल्या फडक्याने फ्रेम पुसा, चेन कोरडी करा आणि तेलाचे थेंब सोडून जादा तेल टिपून घ्या. भाड्याची सायकल असेल तर दुकानदाराला परत देताना सगळे पार्ट त्याच्यासमोर बघून घ्या आणि अनामत रक्कम मोजूनच निघा.